दुसरी सही

कट्ट! बाटलीच्या झाकणाचं सील तुटल्याचा एवढासा आवाज, पण रविवार सकाळच्या शांत घरात तो तिच्या काळजात जाऊन रुतला.

"थांब! देऊ नकोस!" खोकून बेजार झालेल्या लेकीच्या तोंडाशी आलेला चमचा तिने नवऱ्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"अगं, तुमच्याच कारखान्यातलं औषध आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

औषधांच्या कारखान्यात ती लेबलं लावण्याच्या विभागात होती. एक औषध संपलं की दुसरं सुरू करण्याआधी गुडघे टेकून सरकत्या पट्ट्याखाली वाकून, बॅटरी मारून बघायचं, जुनं लेबल कुठे चिकटून राहिलं नाही ना? मग दोघींनी सह्या करायच्या. पण दोन महिन्यांपूर्वी तिचा सगळा जीव इन्चार्जच्या खुर्चीत अडकला होता. आपल्या पाळीत सर्वांत जास्त बाटल्या निघाल्या पाहिजेत! ती वाकलीच नाही, नुसती सही ठोकली. तिला हे काम हाताला धरून शिकवणाऱ्या मावशींनी विचारलं, "बघितलंस ना?" आणि तिच्या भरवशावर दुसरी सही केली.

मुलांच्या औषधाची उरलेली लेबलं मोठ्यांच्या औषधावर चढली. बाटल्या गोदामातच सापडल्या म्हणून निभावलं. चौकशीत ती म्हणाली, "मी वाकून बघितलं होतं." शेवटची नजर मावशींची, म्हणून दोष मावशींचा. त्या घरी बसल्या, हिला खुर्ची मिळाली.

चमचा हिसकावला त्याच रविवारी दुपारी तिने मावशींचं दार वाजवलं.

"या इन्चार्जबाई! वाट चुकलात का?"

"मावशी, मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं."

"ठाऊक आहे. नंतर लक्षात आलं, तुझ्या गुडघ्यांना धूळ नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते गं."

तिला हुंदका आवरेना. मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"पुढे जायची हौस वाईट नाही. मलाही होती. पण नुसतं खुर्चीकडे बघत चाललं ना, की आपलेच हात काय करतायत ते दिसत नाही."

सोमवारी तिने साहेबांना सगळं लिहून दिलं. खुर्ची गेली. मावशींना मानाने बोलावणं गेलं, पण त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, "आता कुणाच्या शेजारी सही करायचा धीर होत नाही."

मोठं व्हावं, मन लावून काम करावं. कोण नको म्हणतं? पण ज्या मनाने काम करतो, ते आधी स्वच्छ ठेवायला हवं. आणि चूक कबूल करायची ती वेळेवर! उशिरा बोललेल्या खऱ्याने डाग जातो, गेलेला विश्वास परत येत नाही.

मावशींचा नकार आला त्या संध्याकाळी तिने लेकीला जवळ घेऊन सगळं सांगितलं.

"आई, मावशी घरी बसल्या होत्या ना, तेव्हा तू रोज गाणं गुणगुणत कामाला कशी जायचीस गं?"