निळी रेष

सुताराच्या बायकोने माइकच्या बटणावर बोट ठेवलं. काचेपलीकडे ऑपरेशनच्या टेबलावर नवरा टक्क जागा पडला होता. केसाएवढी तार त्याच्या मेंदूत गाठीच्या कडेपर्यंत पोचली होती, आणि तिथे या क्षणी कुठलं रसायन किती पाझरतंय ते पडद्यावर उमटत होतं. डोपामिनची हिरवी आणि सेरोटोनिनची पिवळी रेष ठीक होती. निळी मात्र वर चढून बसली होती.

"ही धास्तीची," यंत्रावर बसलेली मुलगी म्हणाली. "ही उतरल्याशिवाय डॉक्टर गाठीला हात लावणार नाहीत. झोपेचं औषध दिलं तर या रेषाच दिसेनाशा होतील. तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"अहो, सगळं छान चाललंय हं," बायको मधाळ आवाजात म्हणाली. "अजिबात काळजी करू नका."

निळी आणखी चढली.

"तुम्ही फक्त शांत पडून राहा हं, राजा."

रेष पार वरच्या कडेला टेकली. आतून सर्जनने थांबवू का, अशी खूण केली. आज थांबवलं तरी गाठ थोडीच थांबणार होती?

गाठ कळल्यापासून तिने नवऱ्याला एक उणा शब्द ऐकवला नव्हता. गल्ली जिला कर्णा म्हणायची, ती बाई घरात कुजबुजत वावरत होती. एवढं करून हे? तिचा तोल सुटला.

"मी इथे घसा फोडतेय आणि तुमचं आपलं तेच! कधी ऐकलंय माझं? परवा पुन्हा पँटच्या खिशात स्क्रू! कपडे धुवायचं मशीन बंद पडलंय, कळलं?"

मुलीने घाबरून माइककडे हात नेला आणि मध्येच थांबवला. निळी उतरत होती.

"ओरडलीस?" स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"मग काय हार घालू?"

"इतके दिवस गोड बोलत होतीस. मला वाटलं, डॉक्टरांनी तुला एकटीला काहीतरी सांगितलंय. म्हणजे वाचेन ना मी?"

सांगितलं होतंच. बाहेर बोलावून, हळू आवाजात. फार आशा धरू नका म्हणाले होते.

निळी रेष अर्ध्यावर थबकली.

"वाचाल नाही तर काय! लोकांची कपाटं करता, आपल्या न्हाणीघराचं दार दोन वर्षं लोंबतंय. ते लावल्याशिवाय सोडते का मी तुम्हाला?"

तिने बटण दाबूनच धरलं. बरं झालं, तिच्या डोक्यात कुणी तार घातली नव्हती.

निळी खाली बसली. सर्जन गाठीवर वाकला. ती ओरडतच राहिली.