पुलावरची दुर्बीण आणि अकरावा मजला

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळेची, अंगावर पोचे आलेली, एका डोळ्याने पाहायची. सुरतेत तापी नदीवर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी एक पूल आहे. त्याच्या मधोमध, कठड्याला लागून, लोखंडी तिपाईवर माझा मुक्काम असतो. रोज संध्याकाळी, आणि रविवारी सकाळीसुद्धा.

मित्रांनो, माझी एक अडचण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला स्वतःहून काहीच दिसत नाही. माणसाचा डोळा माझ्या भिंगाला लागला, की त्याला दिसतं तेवढंच मला दिसतं. डोळा बाजूला झाला, की मी आंधळी; मग आसपासचं कळतं ते कानांनी आणि लोकांच्या बोलण्यावरून. त्यामुळे माझा स्वभाव फार चौकस झाला आहे. अर्धवट पाहिलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं असेल, हा विचार मला सोडत नाही.

उमेदीची वर्षं मी एका मालवाहू जहाजावर काढली. तिथे पाहायला होतं काय? पाणी, आणि पाण्यापलीकडे पाणी. पुढे जहाज म्हातारं झालं. अलंगच्या किनाऱ्यावर त्याला वाळूत चढवलं आणि तोडलं. त्याच्या पोटातल्या खुर्च्या, कपाटं, कपबशा रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला आल्या. मीही आले. जुन्या गाद्यांच्या ढिगावर मी दोन उन्हाळे पडून होते. येणारा प्रत्येक जण मला उचलायचा, एक डोळा मिटून समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहायचा आणि परत ठेवून द्यायचा. तिथून वशरामभाईंनी मला घरी आणलं.

वशरामभाई मूळचे काठियावाडचे. तीस वर्षं त्यांनी सुरतेत हिरे घासले. डोळ्याला भिंग लावायचं आणि तिळाएवढ्या दगडात केसाएवढा डाग शोधायचा, हा त्यांचा धंदा. कारखाना सुटला तेव्हा ते म्हणाले, "जन्मभर जवळचं पाहिलं, आता जरा लांबचं बघू." परवानगी काढून त्यांनी मला पुलावर आणून उभं केलं.

इथे आल्यावर मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. पुलावरून सगळं शहर दिसतं. जुना किल्ला, मशिदींचे मिनार, गिरण्यांची धुरांडी, आणि पलीकडच्या काठावर एकाला एक चिकटून उभ्या राहिलेल्या उंच इमारती. पण माझ्याजवळ येणारा माणूस यातलं काही शोधत नाही. तो आपलंच घर शोधतो.

"अगं, ही बघ आपली टाकी! गळतेय बघ अजून!"

"गळायचीच. चार महिने सांगतेय. इथून दिसली तेव्हा पटलं?"

रोज ज्या टाकीखाली झोपतात तीच टाकी एवढ्या कौतुकाने का पाहतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

एका रविवारी एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, सुती साडी, हातात फरसाणाची पिशवी. इच्छाबेन जरीवाला. हे नाव मला पुढे कळलं.

"भाई, ह्यातून माणूस ओळखू येतं का?" त्यांनी विचारलं.

"चेहऱ्याची खात्री देत नाही, बेन," वशरामभाई म्हणाले. "पण साडीचा रंग नक्की सांगता येईल."

"तेवढं पुरे."

त्यांनी मला पलीकडच्या काठाकडे वळवलं. निळ्या टाकीची एक इमारत शोधली. ओठ हलवत मजले मोजले आणि अकराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या गॅलरीवर त्या थांबल्या. मलाही दिसलं. कुंडीत तुळस होती. दोरीवर पुरुषाचे दोन सदरे आणि जरीची बारीक किनार असलेली हिरवी ओढणी वाळत होती. गॅलरीत माणूस नव्हतं. इच्छाबेननी ती ओढणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही. कधी दोरीवर चादर असायची, कधी परकर. क्वचित एक तरुण बाई येऊन कपडे काढायची, तेव्हा इच्छाबेनचा हात माझ्यावर घट्ट आवळायचा. कोण होती ती? त्या वाऱ्यावर हलणाऱ्या कपड्यांत एवढं काय होतं? मला विचारायचं होतं, पण मला तोंड कुठे आहे? वशरामभाईंना होतं.

"बेन, तिथे कोण राहतं?"

"तुम्ही काठियावाडी लोक! पाणी मागायला आलेल्याचीही सात पिढ्यांची चौकशी करता."

"आणि तुम्ही सुरती? दुसऱ्याच्या गॅलरीत डोकावता ते?"

इच्छाबेन फणकाऱ्याने निघून गेल्या. रविवारी पुन्हा हजर.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी दोरीवर काहीतरी नवीन दिसलं. हातरुमालाएवढी पांढरी फडकी, ओळीने वीसेक तरी. मला अर्थबोध होईना. इच्छाबेन मात्र माझ्यापासून एकदम दूर झाल्या, दोन्ही हात तोंडावर धरले आणि मटकन कठड्यालगत बसल्या.

"बेन! काय झालं? चक्कर आली का?"

"बाळोती," त्या म्हणाल्या. "भाई, बाळोती वाळतायत! माझ्या तरूला बाळ झालं. आणि मला कळतंय दोरीवरून!"

शेजारीच रमीलाबेन खारे शेंगदाणे विकतात. त्यांनी पाणी दिलं. मग सगळं बाहेर आलं. तरुलता ही इच्छाबेनची एकुलती एक मुलगी. तिने त्रिनाथ बेहेरा नावाच्या ओडिया मुलाशी लग्न केलं. तो ओडिशातल्या गंजामहून आलेला, कापडाच्या मागांवरचा कारागीर. इच्छाबेन संतापाने म्हणाल्या होत्या, "माझा उंबरा पुन्हा चढू नकोस." मुलगीही आईच्याच वळणावर गेलेली. ती खरंच चढली नाही. तीन वर्षं झाली. मुलगी कुठे राहते, एवढं मात्र इच्छाबेननी चौकशी करून ठेवलं होतं. ती हिरवी ओढणी इच्छाबेननी स्वतःच्या हाताने जर भरून तिच्यासाठी केली होती.

"जाऊन या ना मग," वशरामभाई म्हणाले. "पूल इथेच आहे. पाऊण तासाची वाट."

"मी? मी का जाऊ? लहान कोण, मोठं कोण?"

"बेन, मी तीस वर्षं दगड पाहिलेत. इतका टणक दगड माझ्या हाताखालून गेला नाही."

"मग पाहू नका माझ्याकडे," असं म्हणून त्या उठल्या. पण दर रविवारी येत राहिल्या. बाळोती गेली, झबली आली. झबल्यांच्या मागून चिमुकले फ्रॉक आले. "मुलगी आहे," इच्छाबेननी रमीलाबेनना सांगितलं, जसं काही कुणी घरी येऊन कळवलं होतं.

आणि मग एका रविवारी दोरी रिकामी दिसली. पुढच्या रविवारीही रिकामी. तिसऱ्या रविवारी तुळस वाळलेली होती.

"घर सोडून गेली," इच्छाबेन म्हणाल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच असा ऐकला. "त्याच्या गावाला गेली. आता कुठे शोधू? भाई, तुम्ही बघा. तुमची नजर बारीक आहे."

वशरामभाईंनी डोळा लावला. त्यांच्या डोळ्यातून मलाही दिसलं. वाळकी तुळस, मोकळी दोरी, अर्धं उघडं दार. आणि दारातून आत, अंधारात, काहीतरी फिरत होतं.

"पंखा चालू आहे," वशरामभाई म्हणाले. "घरात माणसं आहेत, बेन."

"मग बाळाचे कपडे?"

लहान मूल असलेल्या घरात तीन आठवडे दोरी रिकामी राहते, याचा अर्थ घरात काहीतरी वाईट घडलंय, हे तिघांनाही कळलं. इच्छाबेन उभ्या राहिल्या. पिशवी हातातून खाली पडली. त्या उचलायला वाकल्याही नाहीत.

"मी कशी जाऊ, भाई? मीच म्हटलं होतं ना, उंबरा चढू नकोस म्हणून?"

"तिने तुमचा चढायचा नाही, असं तुम्ही म्हटलं होतं. तुम्ही तिचा चढायचा नाही, असं कोण म्हणालं?"

इच्छाबेननी पडलेली पिशवी उचलली.

"मी येतो बरोबर," वशरामभाई म्हणाले. "शिव्या पडल्या तर निम्म्या माझ्या. रमीलाबेन, दुर्बिणीकडे लक्ष असू द्या."

दोघं निघाले. त्यांची पावलं पुलाच्या फळ्यांवरून लांब जाताना मला ऐकू आली. मित्रांनो, माझं तोंड अजून त्याच गॅलरीकडे होतं, आणि मी आंधळी होते! रमीलाबेन शेंगदाणे परतत होत्या. बघा ना एकदा, असं मनातल्या मनात मी किती विनवलं! त्या बघतील तर शपथ.

तासाभराने टोपीवाला एक गृहस्थ आला, पोराबाळांसकट. "दिसतं का यातून काही?" असं म्हणत त्याने डोळा लावला. आणि मला दिसलं. गॅलरीचं दार सताड उघडं होतं आणि इच्छाबेन गॅलरीत उभ्या होत्या! पदर कमरेला खोचलेला. बादलीतलं फडकं पिळून दोरीवर टाकत होत्या, आणि दाराकडे मान वळवून कुणावर तरी तोंड टाकत होत्या.

"अरे, एक म्हातारी काय भांडतेय बघा!" गृहस्थ हसला.

कुणाशी भांडतायत? तरू कुठे आहे? बाळ कुठे आहे? अजून क्षणभर थांब रे बाबा! पण त्याने मला गर्रकन फिरवलं. "आपली इमारत कुठेय ते बघू," म्हणाला.

पुढचं मला वशरामभाईंच्या तोंडून कळलं. ते दुपारी परतले आणि रमीलाबेनना सांगू लागले. तरू तीन आठवडे विषमज्वराने अंथरुणावर होती. शेजारीण बाळाचे कपडे नेऊन आपल्याकडे वाळत घालत होती. त्रिनाथ बारा तास मागावर राबून येऊन चूल सांभाळत होता. दार त्यानेच उघडलं. सासूला पाहून तो गांगरला आणि पाया पडायला वाकला.

"आणि इच्छाबेन काय म्हणाल्या?" रमीलाबेननी विचारलं.

"म्हणाल्या, पाया मग पड, आधी भात उतरव, करपतोय."

"आणि पोरगी?"

"पोरगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. म्हणाली, कशाला आलीस? बेन म्हणाल्या, तुळस मारलीस ती बघायला आले. मग दोघी रडायला लागल्या. मी बाहेर येऊन बसलो. माझ्या वाटणीच्या शिव्या काही आल्या नाहीत."

तरू बरी व्हायला दोन महिने लागले. तोवर इच्छाबेन तिथेच राहिल्या. दर रविवारी वशरामभाई एकदा तरी माझ्यातून तिकडे पाहायचे. दोरी भरलेली असायची. मग ते समाधानाने मला दुसरीकडे वळवायचे.

माझंही वय झालं आहे. दमट हवेने माझ्या भिंगावर कोपऱ्यातून बुरशी चढते. लोक घाईत येतात, शेंगदाण्याच्या मिठाची बोटं काचेवर टेकवतात, खिळ्याने माझ्या अंगावर आपली नावं कोरतात. मित्रांनो, एवढं एक ऐका. काचेला हात लावू नका. धूळ दिसली तर स्वच्छ, मऊ सुती फडक्याने हलकेच टिपा. आणि माझ्यातून आपलं माणूस दिसलंच, तर फार वेळ नुसतं पाहत बसू नका.

मागच्या थंडीत वशरामभाईंनी मला तिपाईवरून काढलं आणि पुसायला बाकावर आडवं ठेवलं. इच्छाबेन पोंक, म्हणजे ज्वारीचा सुरती हुरडा, घेऊन आल्या होत्या. बरोबर तीन वर्षांची नात कुनी होती. कुनी त्यांना "आई" म्हणते. तुम्ही म्हणता ती आई नव्हे. ओडियात आईच्या आईला "आई" म्हणतात. कुनीने मला उचललं आणि उलट्या बाजूने, मोठ्या भिंगाला, डोळा लावला. असं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मला इच्छाबेन दिसल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या, कुठल्या कुठे लांब.

"आई गेली!" कुनी घाबरून ओरडली.

तिने मला झटकन खाली केलं. हातभर अंतरावर इच्छाबेन पोंक निवडत बसल्या होत्या.

"आहे," कुनी म्हणाली. हात लावून खात्री केली, आणि पुन्हा डोळा लावला.