पिशवीतला ग्लास

आमच्या घरी यायचं असेल तर आधी फोन करावा लागतो. अंगाला सेंट नको, डोक्याला वासाचं तेल नको, कपडे सुवासिक पावडरीत धुतलेले नकोत, खिशात तंबाखूची पुडी नको. एवढं सगळं पाळून कोणी आलंच, तर गेटाजवळच्या नळावर हातपाय धुवायचे आणि वारा जिकडे वाहतो त्या अंगाला ओट्यावर बसायचं. शेलूबाजारात मला तोंडावर रत्नमाला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे नाकवाली. मला दोन्ही ऐकू येतं. दुखणं नाकाचं आहे, कानाचं नाही.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या खोल्या रंगवल्या आणि त्याच आठवड्यात दप्तराच्या खोलीत वाळवीचं औषध मारलं. बाहेर ऊन मरणाचं, म्हणून मी दोन दिवस दार लोटून त्याच खोलीत निकालपत्रकं लिहीत बसले. तिसऱ्या दिवशी डोकं धरलं ते धरलंच. आधी फिनेल सोसेना, मग अगरबत्ती, मग शेतातली फवारणी, मग नव्या साडीची खळसुद्धा. वास आला की डोकं ठणकतं, छाती आवळते, घसा बसतो आणि समोरच्या माणसाचं नाव आठवत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या, म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र तासभर ऐकून घेतलं आणि कागदावर नाव लिहिलं, मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी. म्हणाल्या, "याला नाव आहे, औषध नाही. काही डॉक्टर तर नावही मानत नाहीत. तुम्ही एकच करा, दूर राहा."

दोन शब्दांचं औषध. पण ते मी एकटीनं घेऊन भागत नाही, भेटेल त्याला पाजावं लागतं, आणि जो तो तोंड वाकडं करतो. रजा मागायला गेले तेव्हा हेडमास्तर जगदेव सरांनी विचारलं, "मॅडम, कारणाच्या रकान्यात काय लिहू? वास?" विहारात वंदना चालते तेव्हा मेणबत्ती-अगरबत्तीच्या धुरामुळे मी बाहेर पिंपळाखाली उभी राहते, तर बाया म्हणतात ही नाकानं कांदे सोलते. एसटी आली की मी आधी दारातून हुंगून बघते, आणि मग बहुतेक वेळा पुढच्या एसटीची वाट बघते. माझा नवरा प्रसेनजित वीज मंडळात लाइनमन आहे. तो रोज कामावरून आला की अंगणातच बेसन लावून अंघोळ करतो, मग घरात येतो. तीन वर्षांत एकदाच त्याच्या तोंडून 'कंटाळा आला' असं निघालं, आणि लगेच त्यानं 'बेसनाचा' म्हणून सारवलं. लोकांचा मला राग येतो. त्याचा येत नाही, म्हणून जास्त त्रास होतो.

पण मला सांगायचंय ते माझ्या वडिलांचं.

बाबांचं नाव देवमन. मेडशीला माझा भाऊ संघदीप राहतो, त्याच्याकडे असतात. जन्मभर गवंड्याच्या हाताखाली माती-सिमेंट कालवलं आणि आम्हा दोघांना शिकवलं. त्यांच्या दोन सवयी साऱ्या मेडशीला माहीत आहेत. एक, गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पांढरा शुभ्र, इस्त्रीचा सदरा-पायजामा. तो जोड ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेला असतो. दुसरी, पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास.

त्या ग्लासाची गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली. बाबा सातेक वर्षांचे असताना आजीबरोबर एका मोठ्या शेतावर निंदणाला गेले होते. धर्म बदलून दोन वर्षं झाली होती, पण त्या विहिरीला ते कळलं नव्हतं. तहान लागली तर विहिरीपासून वीस पावलांवर थांबायचं आणि खाली वाकून ओंजळ धरायची. मग मालकीणबाई वरून पाणी घालायची. निम्मं पाणी कोपरांवरून सदऱ्यात जायचं. पुढं पहिली मजुरी मिळाली तेव्हा बाबांनी जवळच्या मालेगावातून ग्लास घेतला, त्यावर नाव घालून घेतलं, आणि त्यानंतर ओंजळीनं कधी पाणी प्यायले नाहीत. नदीवर नाही, हापशीवर नाही. हापशीला तोंड लावून पिणाऱ्या आम्हा पोरांच्या मागे ग्लास घेऊन धावायचे. आम्ही हसायचो. पोरांना काय, हसायला कारण लागत नाही.

यंदाच्या भादव्यात एका रविवारी बाबा फोन न करता आले. मी ओट्यावर वह्या तपासत होते. चार दिवसांपासून चहूकडे सोयाबीनवर फवारणी सुरू होती आणि माझं डोकं आधीच जड होतं. रस्त्यापलीकडे जीप थांबली, तीतून पांढरा सदरा उतरला, आणि मला इतका आनंद झाला की वह्या तशाच टाकून मी गेटाकडे निघाले. बाबांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुगाच्या शेंगांचं गाठोडं. ते हसत होते. गेट दहा हातांवर असताना वास आला.

डांबरगोळ्या. मागून कपाळाला लावलेला बाम.

"बाबा, तठीच थांबा."

माझा आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना. घसा बसायला लागला की मी भांडल्यासारखी बोलते. बाबांनी गेटाच्या आत टाकायला उचललेलं पाऊल परत बाहेर ठेवलं आणि गेट ओढून घेतलं.

"काहून? काय झालं?"

"कपड्याचा वास येऊन राह्यला. पुढं नका येऊ."

"बरं," ते म्हणाले. "घोटभर पानी दे मंग." आणि गाठोडं खाली ठेवून त्यांनी हात पिशवीत घातला.

त्या पिशवीत बामची बाटली असते, तंबाखू असते. मी ओरडले, "पिशवी नका उघडू."

घरात ग्लासांची काय कमी होती? पण छाती आवळलेली, डोळ्यांपुढे अंधारी. ओट्यावर भरलेला तांब्या होता तो उचलला, पदर नाकाला दाबला आणि गेटाशी येऊन, हात लांब करून तो वरून पुढे केला. बाबांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी खांद्याला अडकवून ते वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली.

मी पाणी घातलं. दोन घोट झाले तेव्हा मी काय करतेय ते मला कळलं. तरी हात थांबला नाही, कारण थांबवला असता तर दोघांनाही ते बोलावं लागलं असतं. पाणी त्यांच्या कोपरांवरून इस्त्रीच्या बाहीत जात होतं.

"बस," बाबा म्हणाले. गाठोडं गेटाबाहेर तसंच राहू दिलं. "तब्येतीले जप." मग रस्ता ओलांडून गेले आणि मिळाली त्या जीपमध्ये बसले. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटला नाही.

संध्याकाळी प्रसेनजितला सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम नाही केलं." मुद्दाम नाही केलं, हे खरंच. पण बाबांच्या हातावर पाणी दोन्ही वेळा वरूनच पडलं.

त्यानंतर पाच आठवडे बाबा आले नाहीत. मी फोन केला की "बरी हायेस ना? जप मंग," एवढं बोलून फोन संघदीपकडे द्यायचे. संघदीपला विचारलं तर म्हणायचा, "बोलत तं काहीच नाहीत." मला रात्रंदिवस तेच. आजाराचा राग यायचा, स्वतःचा यायचा, त्या डॉक्टरीणबाईंचासुद्धा यायचा. दूर राहा म्हणे. बापापासून किती दूर राहायचं, ते कागदावर लिहून दिलं नव्हतं त्यांनी.

सोयाबीन निघालं, फवारणी थांबली, तेव्हा मी प्रसेनजितला म्हटलं, मला मेडशीला ने. एसटी जमणार नव्हती. मोटरसायकलवर निघालो. वाटेत पंपावर थांबायला नको म्हणून त्यानं आदल्या दिवशीच पेट्रोल भरून ठेवलं होतं. तोंडाला ओल्या फडक्याच्या दोन घड्या बांधल्या. किन्हीराजाजवळ रस्त्याचं डांबर चालू होतं, तिथून मी श्वास रोखून, डोळे मिटून गेले. मालेगावच्या पुढे डोकं दुखायला लागलं. तरी म्हटलं, चल.

घरापुढे पोचलो आणि आधी दिसला तो अंगणातल्या तारेवरचा पांढरा सदरा. शेजारी पायजामा. ट्रंक उन्हात उघडी पडलेली, आत कडुलिंबाचा पाला.

संघदीप बाहेर आला. "भादव्यापासून हेच चालू हाये, ताई," तो हळूच म्हणाला. "रोज धुतात, रोज वाळू घालतात. डांबरगोळ्या त्याच दिवशी फेकल्या. आल्यागेल्याले इचारतात, वास येते का म्हून. मी नाही म्हनलं तं म्हनतात, तुह्या नाकाचा काही भरोसा नाही."

बाबा घरातून आले. अंगात जुनी बनियन, कमरेला विटकी लुंगी. मला बघून चेहरा फुलला आणि पाय मात्र उंबऱ्यातच थांबले.

"अथूनच बोलू का?" त्यांनी विचारलं.

ते त्यांनी टोमणा म्हणून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. मी जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या बनियनला घामाचा आणि उन्हाचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

"मी तुमाले गेटाबाहेर उभं केलं, बाबा. वंजळीनं पानी पाजलं. माह्यं चुकलं."

बाबा ओट्यावर बसले. मला शेजारी बसवलं. "राग आला व्हता मले," ते म्हणाले. "लय आला. पन तुह्या नाही." त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले. सिमेंटनं भेगाळलेले, अजून तसेच. "याह्यचा. साठाच्या वर वर्सं झाले, मले वाटे हे इसरले असतीन. तू तांब्या दाखवला आन् हे मले न इचारताच जुळले."

मी रडले. भाऊ, नवरा समोर होते तरी रडले.

"मंग फोनवर काहून बोलत नव्हते?"

"काय सांगू? कपडे धुऊन राह्यलो म्हून सांगू?" मग ते उठले, तारेवरचा सदरा काढून संघदीपच्या हाती दिला आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. "आता आलीच हायेस तं तूच सांग. येते का वास?"

संघदीपनं सदरा लांबून माझ्याकडे धरला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखे. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण तीन वर्षं लोक मला हेच करतात, सेंट मारून येतात आणि नाही मारला म्हणतात. बाबांशी ते माझ्यानं होईना.

"येते, बाबा."

"किती?"

"पह्यलेपेक्षा निम्मा. निम्म्याहून थोडा कमीच."

"मंग थंडी येईलोक उरलेला वास जाईन," ते म्हणाले, आणि सदरा परत तारेवर घातला. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट इतक्या दिवसांनी कोणीतरी नीट सांगितलं, असं दिसलं.

"तोवर अशेच या नं. या बनेनले काही वास नाही."

"पोरीच्या घरी बनेनवर?" बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कपडे बरे होऊ दे. मंग येईन."

मग ते आत गेले. राखेनं भांडं घासल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात तो ग्लास होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. नावातला 'दे' झिजून गेला होता, नुसतं 'वमन' उरलं होतं. मी सगळं पाणी प्यायले.

निघायची वेळ झाली तेव्हा बाबांनी तो ग्लास पुन्हा घासला, पुसला. गुंडाळायला जुना पेपर घेतला, मग काय आठवलं कोण जाणे, शाईचा वास घेतला आणि पेपर ठेवून दिला. ग्लास तसाच माझ्या हातात दिला.

"हा तुह्या घरी राहू दे. पिशवीत राह्यला का त्याले वास लागते, आन् मले पिशवी उघडा लागते."

"आन् रस्त्यात तहान लागली तं?"

"कायले लागते," बाबा म्हणाले. "घरी आल्यावर पेईन."

मोटरसायकलवर मी तो ग्लास दोन्ही हातांत धरून बसले. प्रसेनजितला धरायला हात रिकामा नव्हता, म्हणून त्यानं शेलूबाजारपर्यंत गाडी हळू चालवली.