मॅडमची हिरवी वही

विज्ञानाच्या मॅडम दर शनिवारी शिक्षकांच्या कार्यशाळेला जायला लागल्या आणि दुसऱ्याच सोमवारी त्यांच्या टेबलावर एक हिरवी वही आली. मी तोंड उघडलं की ती वही उघडायची. मी खाली बसले की मिटायची.

आता कुणी म्हणेल, तुला उगाच तसं वाटतं. मलाही आधी तेच वाटलं. म्हणून मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण, जिला अख्खी शाळा मिरची म्हणते, आम्ही रीतसर प्रयोग केला. एका तासात मी पाच वेळा बोलायचं, तिने पाच वेळा. पाचव्या वेळी मिरचीला उत्तरच येत नव्हतं, तरी पठ्ठीने हात वर केला आणि "मॅडम, विसरले" म्हणून खाली बसली. निकाल असा: मी पाच, वही पाच. मिरची पाच, वही शून्य.

"तक्रारवही आहे," मिरची म्हणाली. "तुझी बडबड फार झालीये. पालकसभेत वाचून दाखवणार."

"पण मी बरोबर बोलते!"

"तेच तर. चुकीचं बोलणाऱ्याला माफ करतात. बरोबर बोलणारी डोक्यात जाते."

माझ्या बडबडीचं आधी सांगायला हवं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात मुकीच होते. हजेरी देतानासुद्धा नुसता हात वर करायचे. यंदा पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, दाराची कडी बिजागरीपासून इतकी लांब का बसवतात? माझ्या तोंडून निसटलं, "लांबून ओढलं की कमी जोर लागतो," ते बरोबर निघालं, आणि तेव्हापासून जे धरण फुटलंय ते काही अडत नाही. मला माझा आवाज आवडायला लागलाय. चांगला खणखणीत आहे.

आणि त्या आवाजाच्या जोरावर मला एक गोष्ट मिळवायची होती. शाळाशाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या वर्गाची पुठ्ठ्याची क्रेन जाणार होती. तिच्याशेजारी उभं राहून परीक्षकांना समजावून सांगायला दोघंच. ती दोन नावं मॅडम ठरवणार होत्या. मी आरशासमोर "नमस्कार, ही आमची क्रेन" इथपर्यंत तयारीसुद्धा केली होती. आणि नेमकी आत्ता ही वही!

घरी आईला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर चिठ्ठ्या वाचते.

"लिहून ठेवणाऱ्या माणसापासून जपून राहावं," ती म्हणाली. "बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं उद्या कुणीतरी समोर ठेवतं."

"मग काय करू?"

"थोडं कमी बोल. घरातही कमी केलंस तर माझी हरकत नाही."

"हिला? जमणार नाही," दादा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. "दोन दिवसांत फुटेल."

दादाने असं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी तोंडाला कुलूप घातलं.

नऊ दिवस! मला वाटलं होतं वही बंद राहील, पण ती तर तरीही रोज उघडायचीच. मी काही बोलत नव्हते आणि मॅडम लिहीत होत्या. काय लिहीत होत्या मग? शिवाय त्यांनी नवीनच सवय लावून घेतली होती. प्रश्न विचारायचा आणि नुसतं बघत थांबायचं. मनातल्या मनात आकडे मोजत असल्यासारखं. पोलीस असंच करतात म्हणे. समोरचा घाबरून आपणहून ओकतो.

गुरुवारी क्रेनची चाचणी होती. हुकाला नटबोल्टची पिशवी अडकवली आणि आमची क्रेन तोंडावर आपटली. एक मुलगा म्हणाला तळाला विटा लावा, कुणी म्हणालं डिंक कमी पडला. मला डोळ्यांसमोर दिसत होतं कुठे चुकलंय ते. जीभ दातांखाली अक्षरशः दाबून धरली होती.

मॅडम माझ्यापाशी आल्या. "तुला काय वाटतं गं?"

थांबल्या. एक, दोन, तीन, मीही मोजले. सातपर्यंत.

"काही नाही, मॅडम."

त्यांनी वही न उघडताच काखेत धरली आणि फळ्याकडे गेल्या. चेहरा पार उतरला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, डाव फसला वाटतं यांचा.

यादी शनिवारी सकाळी सूचनाफलकावर लागणार होती. आम्हाला सुट्टी, तरी मी गेले. फलक रिकामा. प्रयोगशाळेच्या दाराशी मात्र चपला-बुटांची गर्दी. कार्यशाळेचा शेवटचा दिवस आमच्याच शाळेत होता. दार अर्धं उघडं होतं आणि आतून मॅडमचा आवाज आला.

"विद्यार्थी क्रमांक सात. तिचं वाक्य आहे, मागे वजन लावलं की पुढचं वजन हलकं होतं."

ते वाक्य माझं होतं! तीन आठवड्यांपूर्वीचं. मी दाराला चिकटले. आत दहाबारा शिक्षक आमच्या बाकांवर गुडघे कसेबसे कोंबून बसले होते आणि माझं वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, त्याखाली "गैरसमज" असा शब्द.

"हा वजनाबद्दलचा मूलभूत गैरसमज," चष्मेवाले एक सर म्हणाले. "इथूनच मुलं पुढे गाळात जातात."

"मला वाटतं तिला वस्तुमान आणि वजन यातला फरकच कळलेला नाही," आणखी एक बाई.

"अर्धा तास झाला आपण हिच्यावर बोलतोय," कार्यशाळा घेणारे दाढीवाले सर म्हणाले. "मॅडम, पुढची नोंद वाचा."

"पुढे काही नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण ठरवलं होतं, प्रत्येकाने एक मूल निवडायचं, ते बोलेल ते शब्दशः उतरवायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही. गेल्या वर्षी ती गप्प असायची म्हणून मी तिला निवडलं. यंदा बोलायला लागली, मला कोण आनंद झाला! आणि शाळेचे गेले नऊ दिवस पुन्हा गप्प आहे. नऊ पानांवर फक्त 'आज बोलली नाही' लिहिलंय. काय चुकलं माझं, मला कळत नाही. प्रदर्शनाच्या यादीतून काल तिचं नाव काढलं मी. परीक्षकांसमोर उभं करून तिला आणखी घाबरवायचं नव्हतं."

नाव काढलं! मी दार ढकललं.

"ते वाक्य अर्धंच आहे!"

सगळ्यांनी माना वळवल्या. मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"मी म्हटलं होतं, पुढचं वजन हलकं होतं असं क्रेनला वाटतं, खरं तर ते तेवढंच असतं. तुम्ही लिहीत होता तोवर मी पुढचं बोलून गेले. आणि तुम्ही सगळे अर्धा तास अर्ध्या वाक्यावर भांडताय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. दाढीवाले सर पुढे झुकले. "मग पूर्ण सांग. क्रेन का पडली?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर, सातपर्यंत मोजणारे. आणि मग एकदम सगळ्यांची पेनं कागदाला टेकली.

"आधी पेनं खाली ठेवा," मी म्हणाले.

माझं मलाच नवल वाटलं. पण ठेवली त्यांनी! टक टक टक. मी कोपऱ्यातली क्रेन उचलून टेबलावर ठेवली, मागच्या दांडीला पेन्सिल दोऱ्याने बांधून ती लांब केली आणि टोकाला खोडरबर अडकवलं. पुढे नटबोल्टची पिशवी. क्रेन डुगडुगली आणि उभी राहिली. "तळाला विटा नकोत. मागचा हात लांब केला की थोडंसं वजन पुरतं. दाराच्या कडीसारखं."

चष्मेवाले सर उठून क्रेनभोवती फिरले. फळ्यावरचा "गैरसमज" त्यांनीच पुसला.

मॅडम मला व्हरांड्यात घेऊन आल्या. "तुला वही दिसली होती."

"मला वाटलं तक्रारी लिहिताय."

"अगं बाई..." त्यांनी कपाळाला हात लावला. मग पर्समधून यादी काढली. माझं नाव खोडलेलं होतं, त्याखाली मिरचीचं. मिरचीचं! त्यांनी मिरचीचं तसंच ठेवलं आणि दुसरं नाव एका मुलाचं होतं, त्याकडे बघत राहिल्या.

"मॅडम, त्याला विटाच लावायच्या होत्या," मी म्हणाले.

त्यांनी हसू दाबलं, त्याचं नाव खोडलं आणि माझं पुन्हा लिहिलं. "सोमवारपासून तुला विचारून लिहीन. चालेल?"

"एका अटीवर. लिहिलेलं रोज मला वाचायला द्यायचं. अख्खं."

"देईन," मॅडम म्हणाल्या.

सातपर्यंत मोजलंसुद्धा नाही. इतक्या पटकन हो म्हणाल्या की आता मला वाटायला लागलंय, कुठेतरी दुसरी वही नक्की असणार.