तीन शिरांचं पान

थोआ म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि तिनं तो घरात कुणाला कळू दिला नव्हता. क्वांग त्री प्रांतातल्या त्या गावात वांग या औषधी वेलीचा पाला ओळखावा तर थोआनंच, असं लोक म्हणत, आणि या नावाची तिला फार चटक. सून लुएन बाळंत झाली तेव्हा शेजारीण म्हणाली, "वांग मी आणते." म्हातारीला ते झोंबलं. आपल्या सुनेला दुसरीनं तोडलेला पाला? मग तोंड कुठं दाखवायचं? ती एकटीच टेकडीवर गेली आणि हाताला लागली ती वेल ओरबाडून आली.

साध्या चहानं बाळंतिणीची झोप उडते, वांगच्या चहानं दूध उतरतं. म्हणून महिनाभर तोच पाजायचा. पाला वाळल्यावर म्हातारीनं खाटेजवळच्या शेगडीवर किटली उकळली. लुएननं जुडीतलं एक पान उजेडात धरलं.

"आई, वांगच्या पानाला देठापासून तीन शिरा असतात ना? याला मधे एकच दिसते. टेकडीवर तशीच दिसणारी एक विषारी वेलही असते."

"सहा दिवसांची बाळंतीण मला पाला शिकवणार? नाकानं कांदे सोलू नकोस."

"एकदा बघा तरी."

म्हातारीनं पान डोळ्यांशी नेलं. नुसतं धुकं. बोटांनी चाचपलं, पण राठ बोटांना शिरा लागेनात. ती मनातून हादरली. मला दिसत नाही, एवढंच सांगायचं होतं. ते तिच्यानं झालं नाही.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणत तिनं वाडगाभर चहा सुनेदेखत पिऊन टाकला. कडू होता. वांगही कडूच असतो.

लुएन ओशाळली. "चुकलं माझं. द्या मलाही."

"जरा निवू दे," म्हातारी म्हणाली आणि वाट बघत बसली.

थोड्या वेळानं पोर भुकेनं रडायला लागलं. म्हातारीनं मान वर केली, तर खाटेवर दोन सुना, दोन पोरं. पापण्या उचलेनात. लुएनचा हात किटलीकडे गेला. म्हातारी ओरडायला गेली, पण जबडा हलेना. तिनं सगळं अंग झोकून किटली निखाऱ्यांवर पालथी केली. खोलीभर वाफ आणि राख उडाली.

"दिसत नाही," ती जमिनीवरून अडखळत म्हणाली. "पोरी, मला दिसत नाही."

लुएननं हातानं वाफ बाजूला सारली. "आता दिसतंय का, आई?"