सरळ केलेलं हसू

भिंतीवरचा फोटो दिसला आणि फोटोवाल्याचे सांत्वनाचे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. फोटो त्याचाच होता. गल्लीतले शिंपीदादा ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीत शेवटची रेषा ओलांडत होते, तेव्हाचा. त्याने तो काढला होता, विकायला म्हणून आपल्या साइटवर ठेवला होता आणि तो कुणीही विकत घेतलेला नव्हता. तरीही इथे तो हातभर उंच होऊन काचेच्या चौकटीत लटकत होता आणि त्यावर घातलेलं त्याचं नाव साफ गायब होतं.

शिंपीदादा नुकतेच गेलेले. अशा वेळी चोरीचा विषय काढणार तरी कसा? मनातल्या मनात चरफडत तो खुर्चीवर बसला.

चरफडण्याला कारण होतं. शर्यती नि समारंभांचे फोटो विकूनच त्याचं पोट चालायचं. आधी तो फोटोच्या कोपऱ्यात नाव घालायचा, तर लोकांनी कोपरे कापले. नाव मधोमध आणलं, ते लोकांनी पुसलं. फोटो बारीक करून ठेवले, तर बारीकच पळवले. वर भेटल्यावर हसून सांगायचे, फोटो मस्त आलाय हो, तेवढं तुमचं नाव काढून टाकलं. शेवटी वैतागून त्याने नाव थेट चेहऱ्यावर घालायला सुरुवात केली, अगदी ओठांवरून आडवं. आता फोटो काढूच नका, म्हणजे कुणी चोरणार नाही, असं बायको म्हणाली, तर तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता.

दादांच्या मुलाला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. फोटो आवडला ना, म्हणून त्याने वर विचारलं. फोनमधलं एक ॲप नाव पुसतं आणि त्याखालचं आपलं आपण भरून देतं, हेही कौतुकाने सांगितलं.

फोटोवाला उठून भिंतीजवळ गेला. शिंपीदादा हसत होते. ओठ दोन्हीकडे सारखे, दातांची ओळ पांढरीशुभ्र. मागच्या आजारपणापासून दादांचं तोंड डावीकडे उतरलेलं होतं. टाचण्या ते उजव्या कोपऱ्यात धरायचे आणि उरलेल्या तोंडाने गिऱ्हाइकाची थट्टा करायचे. शर्यत संपवताना ते हसले नव्हतेच. धापा टाकत होते, ओठाचा कोपरा लोंबत होता आणि डोळे मात्र जग जिंकल्यासारखे होते. ते सगळं एकत्र दिसलं म्हणून तर त्याने बटण दाबलं होतं.

ॲपला बिचाऱ्याला काय ठाऊक? ओठ दिसेनात, तेव्हा त्याने आपल्या मर्जीने बसवले. फोटोवाल्याला रागावायचं कुणावर तेच कळेना. चोर समोर उभा होता, पण दादांचं तोंड आपल्या नावाने झाकलं होतं ते फोटोवाल्याने स्वतःच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मूळ फोटो मोठा छापला आणि तसाच घेऊन गेला. मुलाने पाहिला न पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला.

"हा नको, काका. यात बाबा आजारी दिसतात."

"अरे, पण भिंतीवर आहे तो तुझा बाप नाही. ते तोंड दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

"माहितीये," मुलगा खाली बघत म्हणाला. "पण बरं दिसतं."

फोटोवाल्याचा आवाज चढणार होता, तेवढ्यात आतून मुलाची आई, वहिनी, आल्या. त्यांनी फोटो मागून घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. मुलगा चुळबुळत उभा होता.

"पाणी प्यायले की इथून ओघळायचं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यांना कळायचंच नाही."

आणि त्यांनी अंगठ्याने तो उतरलेला ओठ पुसला. मग थांबून पुन्हा एकदा पुसला.

छपाई अजून ओली होती, बोटाबरोबर शाई पसरत होती. फोटोवाल्याने त्यांना थांबवलं नाही.