चौथी पिढी

"सव्वीस," मागे बसलेल्या हिलालने सांगितलं.

मोनालीने स्कूटी आणखी दामटली. जळगाव मागे पडलं होतं, चोपडा रस्त्यावर उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या. हिलालच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. झाकणाला भोक पाडून त्याने त्यात तापमापी खोचली होती. सकाळी नऊला कॉलेजजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज चारशिवाय येणार नाही, असं लाइनमन सांगून गेला. प्रयोगशाळेतलं थंड कपाट बंद पडलं. डब्यात टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली होती, तिचं एव्हाना पाणी झालं होतं.

"सत्तावीसच्या वर गेलं तर कृमी अंडीच धरणार नाहीत, भाऊ. आठ महिन्यांची मेहनत जाईल."

हे हिलालला कोणी सांगायला नको होतं. तो आठवी शिकलेला परिचर. सव्वीस वर्षं त्याने काचसामान धुतलं, कृमी वाढवायच्या बशांत आगराची खळ शिजवून भरली. पण प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर एक मिलिमीटरचा कृमी न दुखवता उचलायचा, हे मोनाली त्याच्याकडूनच शिकली होती. पारदर्शक जीव. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटातली अंडी मोजता येतात. मेंदू म्हणावा असं काही नाही, तीनशे दोन चेतापेशी, बस.

पण तेवढ्यावर तो शिकतो. एका रोगट जीवाणूच्या वाट्याला गेलेल्या माद्या आजारी पडल्या आणि त्यानंतर त्याच्यापासून तोंड फिरवू लागल्या. त्यांच्या पिल्लांनी तो जीवाणू कधी चाखला नव्हता, तरी तीही तोंड फिरवू लागली. मग नातवंडं. ही आठवण किती पिढ्या टिकते, यावर मोनालीचा प्रबंध होता. डब्यात चौथी पिढी होती. उद्या तिची परीक्षा घ्यायची होती. मागे दोनदा साखळी तुटली होती, आणि प्रबंध द्यायला आता तीनच महिने उरले होते.

केळी पिकवायच्या थंड खोल्या हिलालला सुचल्या. आत सतरा-अठरा अंश. मालक तोताराम, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

फाटकापाशी मोनालीने स्कूटी थांबवली. हळूच म्हणाली, "भाऊ, औषध आहे म्हणा. उगाच प्रश्न नकोत."

तोताराम ट्रकमधून कॅरेट उतरवून घेत होता. हिलालने थोडक्यात अडचण सांगितली.

"ठेव ना मग. त्यामा काय?" तोताराम म्हणाला. "डब्बामा काय शे?"

हिलालने तापमापीकडे पाहिलं. पारा साडेसव्वीसवर होता.

"सूत्रकृमी शेतस, दाजी."

तोतारामच्या हातातलं कॅरेट खाली टेकलं. मोनालीने डोळे मिटून घेतले.

"तूच उना व्हता ना तवय, मुळ्या तपासाले," तोताराम सावकाश म्हणाला. "केळीनं चार हजार खोड आडवं पडनं. मुळ्या बठ्ठ्या सडी गयात. त्याच सूत्रकृमी ना? आन् आते तूच त्या मन्या दारशी लयना?"

"ह्या त्या नहीत. मुळ्यासले तोंड लावतस नही. ह्या जंतू खातस."

"कसावरथून मानू?"

हिलालने डबा छातीशी धरला.

"औषध शे म्हनीसन सांगतू ते तू इचारतास बी नही. खरं सांगं, एवढंच मनापाशी शे."

हमाल थांबून ऐकत होते. तोतारामने एकदा मोनालीकडे पाहिलं, एकदा सावलीत रचलेल्या हिरव्या घडांकडे.

"मोकळी खोली एक नही," शेवटी तो म्हणाला. "तीन नंबरमा अजून पिकवाना गॅस सोडेल नही. पण डब्बा खाले टेकाडाना नही. चपला बाहेर. तू मांडीवर लीसन बस, लाइट येवालगून. अन् ती पोरगी बाहेर."

जाड दार मागे बंद झालं. सुती सदऱ्यातला घाम पहिल्या पाच मिनिटांत गार पडला. हिलाल अनवाणी, उपड्या घातलेल्या कॅरेटवर बसला. पारा पंचवीसवर आला, मग तेवीस, मग वीस. तेव्हा कुठे त्याने श्वास मोकळा सोडला. नंतर दात वाजू लागले. बोटं बधिर झाली, तरी त्याने डबा हलू दिला नाही.

दोनच्या सुमाराला तोताराम आत आला. एक गोधडी त्याच्या खांद्यावर टाकून शेजारी उकिडवा बसला.

"पोरगीनी सांगं माले. तीन पिढ्या याद ऱ्हास म्हने."

"हा. चौथीनं सकाय समजी."

"मना पोऱ्या तेजसनी त्याच वावरमा परत केळी लावी. एक पिढी बी नही टिकनं." त्याने गोधडीचं टोक नीट केलं. मग उठून गेला.

साडेचारला वीज आली.

दुसऱ्या दिवशी मोनालीने दोन ठिपक्यांच्या बशा मांडल्या: एकीकडे रोगट जीवाणू, दुसरीकडे साधे. तासाभराने हिलालने मोजणी केली. शंभरातल्या एकाहत्तर कृमींनी रोगट ठिपक्याकडे पाठ फिरवली होती. ज्यांच्या पणज्यांना आजार माहीत नव्हता, त्यांच्या बशीत तसं काही दिसलं नाही. तिने आकडा दोनदा तपासला आणि वहीवर मोजणाऱ्याच्या नावापुढे 'हिलाल' असं लिहून ती त्याच्याकडे सहीसाठी सरकवली. त्याने एकेक अक्षर लावत सही केली.

कपाटाच्या वरच्या खणातल्या सहा बशा मात्र वीज गेल्यावर पहिल्याच तासात तापल्या होत्या. त्या कृमींच्या पोटात अंडी नव्हती, आणि येणारही नव्हती. नियमाप्रमाणे त्या वाफेच्या भांड्यात घालून संपवायच्या होत्या.

"टाकून द्या भाऊ त्या," मोनाली जाता जाता म्हणाली.

हिलालने एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ते सरपटत होते, खात होते, काडी लावली की मागे वळत होते. आणखी दहाबारा दिवसांचं आयुष्य होतं त्यांचं. त्याने सहाही बशांवर तारीख घातली आणि त्या खालच्या गार खणात, सगळ्यांच्या मागे, सरकवून ठेवल्या.